अयूबचाचाची सिंहीण

अयूबचाचा आरमोरीला कायमचे परतले ते नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात. हातात पत्र्याची पेटी आणि अंगात लाल कोट. कोटाच्या बाहीवरची सोनेरी फीत उसवून लोंबत होती. मे महिन्याच्या भर दुपारी असा कोट घालून बाजारओळीतून चालणारा माणूस बघून पानठेल्यावरची पोरं हसली. मी माझ्या दुकानात होतो. माझं खत-बियाण्याचं दुकान आणि चाचांचा धाकटा भाऊ रईस याचं गादीघर, यांच्यात एकच भिंत.

रईसनं कापूस पिंजायचं मशीन बंद केलं आणि अंगावरचा कापूस झटकत बाहेर आला.

"या खेपी किती दिवस?" त्यानं विचारलं.

"आता इथीच," चाचा म्हणाले. "सर्कशीतले जनावरं सरकारनं बंद केले. मालक कोर्टात गेला आहे, पण आमाले त्यानं घरी जा म्हटलं."

तोवर ते आम्हाला पावसाळ्यात तेवढे दिसायचे. पावसात सर्कशीचा तंबू कुठंतरी गुंडाळून पडला की महिनाभर घरी यायचे, बायको-मुलीला कपडे आणायचे आणि आकाश निवळलं की निघून जायचे. मिसरूड फुटण्याआधीच ते घरातून पळाले होते. चंद्रपुरात सर्कस आली होती. बापाबरोबर गाद्या भरायला गेलेला पोरगा तंबूमागचे पिंजरे बघायला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. बापाचं म्हणणं, पोराला कापसाचा धंदा नको होता. आई म्हणायची, त्याला कापसाचा खोकला व्हायचा. घरच्यांनी पुढं शोधून काढून सिंदेवाहीच्या अमिनाशी त्यांचं लग्न लावलं. त्यांना वाटलं, लग्नानं पाय बांधला जाईल. बांधला गेला तो अमिनाचाचींचा. त्यांनी सासरी राहून, गोधड्या आणि रजया शिवून, रुखसारला एकटीनं वाढवलं.

आता चाचा रईसच्या गादीघरात बसून मोठ्या सुईनं गाद्यांना टाके घालू लागले. हात सुईवर असायचा, तोंड सर्कशीत. शाळा सुटली की पोरं दप्तरासकट कापसाच्या ढिगावर येऊन बसायची. मीही गिऱ्हाईक नसलं की भिंतीला टेकून ऐकायचो. हत्ती, अस्वल, एका चाकाची सायकल चालवणारी नेपाळी बाई, सगळे असायचे. पण गोष्ट शेवटी रेशमावर येऊन थांबायची.

रेशमा त्यांची सिंहीण.

"पैदा झाली तवा तिच्या मायनं तिले दूर लोटलं," चाचा सांगायचे. "मांजरीच्या पिल्लाएवढी. डोळे मिटेल. मालक म्हणे, फेकून दे, वाचत नाई. मी बकरीचं दूध आणलं, कापसाची वात करून चोखाले देल्ली. माझ्या छातीवर झोपे. आगगाडीत माझ्याच बोचक्यात राहे. बोकड जसा पोरामागं फिरते ना, तशी मागं मागं फिरे."

मग खेळाचं वर्णन. घंटा वाजली की रेशमा तिपाईवर चढायची, मागच्या पायांवर बसायची आणि पुढचे दोन्ही पाय उचलून, तोंड उघडून लोकांना सलाम करायची. समोर चाबूक घेतलेला मास्टर उभा असायचा, टाळ्या त्याला पडायच्या. पण ती ऐकायची ते तिपाईच्या मागं उभ्या असलेल्या लाल कोटातल्या माणसाचं.

"मी म्हणो, उठ बेटी. बस. एवढंच. मोहब्बतचं काम होतं ते."

आणि पोरांना हात दाखवायचे, पालथे-उलथे करून. "पाहा. एवढ्या वर्षात तिचं एक नख लागलं नाई मले."

पडद्याआडून अमिनाचाचींचा आवाज यायचा, "तुमची रुखसार मलेरियानं फणफणत होती तवा तुमी कुठी होते, हेबी सांगा पोट्ट्याईले. कटकले होते, तिच्यापाशी." चाचा हसायचे. "सवत आहे ना तिची," म्हणायचे. चाचीही कधीकधी हसायच्या.

रुखसार तोवर लग्न होऊन गडचिरोलीला गेली होती. तिचा नवरा जिशान पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. ती माहेरी आली की बापाजवळ बसून त्याच त्या गोष्टी ऐकायची. लहानपणी शाळेत ती सांगत असे, माझे अब्बा सिंहिणीजवळ राहतात. बाकीच्या पोरींचे बाप बाजारात दिसायचे, भाजी आणायचे. हिच्या बापाची गोष्टच तेवढी होती, आणि ती गोष्ट भारी होती.

दोन हजार तीनचा पावसाळा सरत आला असताना डोमा नावाचा वनरक्षक रईसकडे आला. जंगलातल्या विश्रामगृहासाठी गाद्या भरायच्या होत्या. बोलता बोलता म्हणाला, मूल गावाच्या पलीकडं जंगलात खात्यानं पकडलेल्या, जखमी वाघ-बिबट्यांसाठी पिंजरे बांधले आहेत, तिथं आता सर्कशीतले सिंहही आणून ठेवलेत.

चाचांची सुई थांबली. "कोणत्या सर्कशीतले?"

डोमाला सर्कशीचं नाव आठवेना. एक नर होता, तो आल्यावर मेला, म्हणाला. आता दोन माद्या आहेत. एक म्हातारी, मागून कमजोर.

"डावा कान फाटेल आहे?"

"हाव. मंधातून चीर आहे."

चाचा उठून उभे राहिले. गादीवरचा कापूस त्यांच्या पायजम्याला चिकटलेला. "रेशमा आहे ते," ते म्हणाले. मला म्हणाले, रईसला म्हणाले, मग आत जाऊन चाचींना म्हणाले. डोमानं सांगितलं, एरवी तिथं कोणाला सोडत नाहीत, पण ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताहात शाळेची पोरं नेतात, तेव्हा या, मी बोलून ठेवतो.

ते दिवस येईपर्यंत चाचांना चैन पडली नाही. दाढी रंगवली. पेटीतून लाल कोट काढून उन्हात टाकला. अमिनाचाचींनी कोटाची लोंबती फीत टाके घालून पक्की केली, काखेतलं उसवलेलं शिवलं, बटणं घट्ट केली. "तुमी बी चला," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "सवतीले पाहाले मी काऊन येऊ? कोट शिवून देल्ला, तेच बहुत झालं."

मी, चाचा आणि गडचिरोलीला आमच्या गाडीत चढलेली रुखसार, असे तिघं चंद्रपूरच्या बसनं निघालो. वैनगंगेचा पूल ओलांडला, सावली गाव गेलं, मूल गेलं. दोन्हीकडे धान लोंबीवर आलेलं. चाचांच्या मांडीवर पळसाच्या पानात बांधलेली बकऱ्याची कलेजी होती. माणसं त्या कोटाकडे वळून वळून बघत होती आणि चाचा ज्यानं विचारलं त्याला आणि ज्यानं नाही विचारलं त्यालाही सांगत होते, "पोरगी आहे माझी तिथी. भेटाले चाललो."

जंगलात एका फाट्यावर उतरून आम्ही आत चालत गेलो. सागवान आणि बांबूमध्ये तारेच्या उंच जाळ्या. फाटकावर लालसू नावाचा माणूस भेटला. भामरागडकडचा, पन्नाशीचा, हळू बोलणारा. जनावरांचं खाणं-पाणी तोच बघायचा. कलेजी त्यानं घेतली नाही. "बाहेरचं देता येत नाई, भाऊ," म्हणाला. चाचांनी ती पुडी मुकाट्यानं एका झाडाच्या बुंध्याशी ठेवली.

शाळेची पोरं आमच्या पुढं होती. पहिल्या जाळीत एक वाघ होता, डुकराच्या फासात पाय गेलेला. तीन पायांवर तो जाळीच्या कडेनं जायचा, कोपऱ्याशी वळताना तोल जाऊन खांद्यावर पडायचा आणि पुन्हा उठायचा. त्याच्या चालण्यानं तिथलं गवत मरून पायवाट झाली होती. पुढं बिबटे होते. एकाचे दात पिंजरा चावून तुटलेले, एकाच्या डोळ्यात पांढरं पडलेलं. पोरं आधी किलबिल करत होती, मग गप्प होत गेली. त्यांच्या बाईंनी त्यांना ओळीत उभं केलं.

शेवटच्या जाळीत सिंहिणी होत्या. "आपल्या जंगलात हे जनावर नाई," लालसू चालता चालता सांगत होता. "आल्यावर ही ओरडली तं आजूबाजूच्या गावचे लोक विचारू लागले, हा कोणता वाघ हाय रे बाप्पा."

मोहाच्या झाडाखाली ती आडवी पडली होती. पाठीची हाडं वर आलेली, रंग वाळल्या तणसासारखा. बाजूला लाकडी ओंडक्यांचा एक ओटा होता, जनावरांनी चढावं, उन्हात बसावं म्हणून केलेला. फाटलेला कान मला लांबूनच दिसला.

चाचांनी जाळीला बोटं अडकवली. रुखसार त्यांच्या खांद्याला धरून होती.

"रेशमा," त्यांनी हाक मारली. "रेशमा, बेटी."

सिंहिणीनं डोकं उचललं.

"पाह्यलं?" चाचा आमच्याकडे वळून म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पाह्यलं? वळखलं तिनं. रेशमा, उठ बेटी, उठ!"

ती उठली. पोट जमिनीला घासत, कान मागं पाडून, मागचे पाय ओढत ती चालू लागली. मला वाटलं जाळीकडे येईल. ती ओट्याकडे गेली. पुढचे पाय ओंडक्यावर टाकले, घसरली, पुन्हा टाकले. कशीबशी वर चढली. चाचांकडे न बघता मागच्या पायांवर बसली, पुढचे दोन्ही पाय हवेत उचलले आणि तोंड उघडून तशीच राहिली.

शाळेच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तिचे मागचे पाय लटलटत होते. ओट्याच्या ओंडक्यांवरून मुताची धार खाली गळत होती. उघड्या तोंडातून आवाज निघत नव्हता. कोणीतरी पोरगं ओरडलं, "सलाम करून राह्यली!" आणि टाळ्या आणखी वाढल्या.

"बस कर बेटी," चाचा म्हणाले. "उतर. उतर आता."

त्यांचा आवाज ऐकून तिनं पाय आणखी वर उचलले.

लालसूनं पोरांना मागं ढकललं. "चुप राहा! टाळ्या वाजवू नका! बाई, पोरं न्या इथून!" मग चाचांकडे वळला. "काय केलं तुमी तिले? उतरत काऊन नाई ते?"

चाचांनी जाळीतून बोटं काढून घेतली. "सांगावं लागते तिले," ते म्हणाले.

"मंग सांगा ना!"

"तोंडानं नाई." चाचांनी खाली वाकून बांबूची एक काठी उचलली. बराच वेळ ती नुसती हातात धरून उभे राहिले. वर तिचा तोल जात होता, पण पाय खाली येत नव्हते. मग त्यांनी डोळे मिटले आणि काठी जाळीच्या लोखंडी खांबावर जोरानं हाणली. चाबकासारखा आवाज झाला.

रेशमा ओट्यावरून कोसळल्यासारखी खाली आली आणि मागच्या सिमेंटच्या खोलीत शिरली. अंधारात ती कोपऱ्याशी तोंड करून पडली, एवढंच मला दिसलं. दुसरी सिंहीण लांब उभी राहून गुरगुरत होती.

लालसूनं चाचांच्या हातातून काठी काढून घेतली. तो चिडलेला दिसत नव्हता. "जा भाऊ," एवढंच म्हणाला.

आम्ही फाट्यावर येऊन बसची वाट बघत मैलाच्या दगडापाशी बसलो. चाचांनी कोट काढला होता आणि तो घडी न घालता बाजूला मातीत ठेवला होता. रुखसार रस्त्याकडे बघत होती.

"अब्बा," ती म्हणाली, "ते भ्याली काऊन?"

चाचा पायजम्याला लागलेली कुसळं उपटत राहिले.

"मोहब्बतचं काम होतं म्हणत होते तुमी."

"तिपाईच्या फळीले मंधात छेद राहते," चाचा म्हणाले. आवाज इतका बारीक की मला पुढं सरकावं लागलं. "त्याच्या खाली माझा हात. बैल हाकलाच्या काठीले राहते तशी टोकदार आर राहे हातात. 'उठ बेटी' म्हणाचं आणि टोचाचं. लोकाले दिसत नाई. मंग काई महिन्यानं टोचा लागत नाई. नुसतं म्हटलं तरी उठते."

"रोज?"

"शिकेपर्यंत रोज. उपाशी ठेवून. उतराचं ते मास्टरच्या चाबकावर. चाबूक नाई वाजला तं उतराचं नाई, हे बी शिकवलं होतं."

एक ट्रक धूळ उडवत गेला. रुखसारनं ओढणीनं तोंड पुसलं.

"लालसूभाऊ मले सांगत होता निघताना, पुढच्या पंज्याईले नखंच नाई तिच्या," ती म्हणाली. "तुमी आमाले हात दाखवत होते. एक नख लागलं नाई म्हणून."

"काढले होते."

"कोणं?"

"मालकाचा माणूस होता. पक्कड घेऊन. साल-दीड सालाची होती ते." चाचांनी आपले तळवे मांडीवर उलथे ठेवले होते आणि ते त्यांच्याकडेच बघत होते. "मान मी धरली होती. दुसऱ्या कोणाले हात लावू देत नव्हती, म्हणून मालक म्हणे, तूच धर."

"आणि तुमी धरली."

"नखवाली शेरनी मालक खेळात घेत नाई, बेटी. विकून टाकते. कुठी जाते, कोण मारते, काई पत्ता लागत नाई. मले वाटलं तिच्यासाठीच आहे. मंग संध्याकाळी दूध देल्लं तं पेली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मले वाटलं, झालं, विसरली."

रुखसार उठून उभी राहिली. "लहानपणी मी तिच्यावर जळत होती," ती म्हणाली. "माझा बाप तिले भेटला म्हणून." मग थोडं थांबून म्हणाली, "अब्बा, यापुढं मले बेटी म्हणू नका. नावानं बोलवा."

बस आली. रुखसार पुढं बायकांच्या सीटवर जाऊन बसली आणि गडचिरोलीला उतरताना तिनं फक्त मला "येते भाऊ" म्हटलं. कोट त्या दगडापाशीच राहिला. मला आठवला तेव्हा बस मूलच्या पुढं आली होती.

घरी चाचींनी पाणी दिलं, विचारलं, "भेटली?" चाचा "हाव" म्हणाले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले.

दिवाळीनंतर ते एकदा एकटेच तिकडं जाऊन आले. ते मला पुढं लालसूकडून कळलं. फाटकाच्या आत त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. फाटकाबाहेर, वारा पिंजऱ्यांकडून येत होता त्या बाजूला बसून राहिले होते. लालसू बाहेर आला तेव्हा त्यांनी विचारलं, खाते का ते? लालसूनं खरं ते सांगितलं. त्या दिवसानंतर तिनं कितीतरी दिवस तोंडाला मांस लावलं नाही. खोलीतून बाहेर निघाली नाही. डॉक्टरनं सुई दिली, आता कुठं खाऊ लागली आहे. "मी तो ओटा तोडून टाकला," लालसू म्हणाला. "तुमी येत नका जाऊ, भाऊ. राग नका मानू. तुमच्या आंगाचा वास आला तरी भेते ते."

चाचांनी राग मानला नाही. म्हणाले, "मी मोठ्यानं बोलत बी नाई इथी. आवाज जाईल." आणि उठून फाट्याकडे चालू लागले.

त्यानंतर गादीघरात गोष्टी पुन्हा सुरू झाल्या, पण वेगळ्या. पोरं कापसावर येऊन बसली की चाचा तिपाईच्या छेदाबद्दल सांगायचे. अस्वलाच्या नाकात वेसण कशी घालतात, हत्तीला उलटं उभं करायला कुठं मारतात, सिंहिणीचं नख पक्कडीत धरलं की ती कसा आवाज काढते. आवाज न चढवता, टाके घालत घालत सांगायचे. एका मुलीला उलटी झाली. धुरपता म्हणून आमच्या ओळीत भाजी विकणारी बाई होती, ती एक दिवस तरातरा आली. "चाचा, काय सांगता हो पोट्ट्याईले? माझं लेकरू झोपेत कोकलते. पयले किती चांगलं सांगत होते!"

"पयले झूट सांगत होतो," चाचा म्हणाले.

"तं झूटच सांगा. लहान लेकरं हायेत ते."

रईसही वैतागला. गिऱ्हाइकं दारातून परत जाऊ लागली म्हणे. त्यानं चाचांची बैठक मागच्या पडवीत हलवली, जुना कापूस निवडायच्या कामावर. तिथं पोरं जात नव्हती. चाचांना जुना खोकला परत लागला. रुखसार ईदला यायची, आईजवळ बसायची, बापाला सलाम करायची. चाचा तिला "रुखसार" म्हणायचे आणि हे म्हणताना दर वेळी किंचित अडखळायचे.

दोन हजार पाचच्या एप्रिलमध्ये डोमाची मोटारसायकल माझ्या दुकानासमोर थांबली. सिंहीण मेली होती. उन्हाळा सोसला नाही, आणि वयही झालं होतं. वरून साहेब यायचे होते, पंचनामा होऊन सकाळी जाळणार होते. "लालसूनं निरोप देल्ला," तो म्हणाला. "म्हणे चाचाले सांगजो, आता या म्हणावं."

सकाळी मी चाचांना माझ्या गाडीवर मागं बसवून घेऊन गेलो. ते वाटेत एक शब्द बोलले नाहीत. पिंजऱ्यांच्या मागं मोकळ्या जागेत लाकडं रचली होती. साहेब, डॉक्टर, दोन पंच. रेशमा ताडपत्रीवर पडली होती, डोळे अर्धवट उघडे, माश्या बसत होत्या. लालसू बांबूच्या डहाळीनं माश्या हाकलत होता.

चाचा लांबच थांबले. "आता जवळ जाऊ?" त्यांनी लालसूला विचारलं.

लालसूनं डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टरनं मान हलवली.

चाचा तिच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. तिचा पुढचा पंजा दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला. बोटांच्या टोकांशी, जिथं नखं असायला हवी होती, तिथं नुसते गाठाळ व्रण होते. एकेका व्रणावरून ते अंगठा फिरवत राहिले. तिचं नावसुद्धा त्यांनी घेतलं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं, तेव्हा लालसूनं त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं.

लाकडं पेटल्यावर साहेबलोक सावलीला गेले. आम्ही तिघं उभे होतो. एप्रिलचं ऊन आणि समोरची आग, दोन्हीकडून अंग भाजत होतं. जळत्या केसांचा वास घशात बसला होता. लालसू आपणहून बोलू लागला. ओटा काढल्यावर सहा-आठ महिन्यांनी ती दिवसा बाहेर येऊ लागली होती. शेवटी शेवटी तो जेवायला बसायचा त्या बाजूला येऊन जाळीला पाठ लावून पडायची.

"झोपे कशी?" चाचांनी विचारलं. त्या दिवसातलं त्यांचं हे दुसरंच वाक्य.

"म्हणजे?"

"झोपे तवा. पायावर डोकं ठेवून, का पाठीवर?"

"पाठीवर," लालसू म्हणाला. "चारी पाय वर. थंडीत तं दुपारभर तशीच. कुत्र्यासारखी."

चाचा खाली मातीत बसले. गुडघ्यात डोकं घालून मोठ्यानं रडू लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं रडताना ऐकलं नव्हतं. खोकला आणि रडणं एकमेकांत अडकत होतं. "माझ्यापाशी कधी नाई झोपली तशी," ते म्हणत होते. "एक डोळा उघडाच राहे. मी म्हणो, शेरनी आहे, सावध राहते." लालसू त्यांच्या बाजूला बसला. आग मंदावेपर्यंत दोघं तसेच बसून होते.

पुढं चाचा दोन-अडीच वर्षं जगले. खोकला छातीत उतरला आणि मग उतरतच गेला. गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं. रुखसार शेवटचे दिवस आरमोरीलाच राहिली. बापाचं तोंड धुवायची, पाठीला उशी लावून बसवायची, चमच्यानं पेज भरवायची. तिच्या मनात काय होतं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. बाप-लेकीत फारसं बोलणं होत नसे. ती कामं मात्र नेटकी करायची. अमिनाचाची एकदा मला भिंतीपलीकडून म्हणाल्या, "हेमराज, हा माणूस आत्ता कुठी घरी राह्यला, तं चालला."

दोन हजार सातच्या पावसाळ्याच्या शेवटी ते गेले. डोमाला कळवलं होतं, त्यानं लालसूला सांगितलं असावं. जनाजा निघायच्या वेळी लालसू गल्लीच्या तोंडाशी भिजत उभा दिसला. आत यायचं की नाही, हे त्याला कळत नव्हतं. रईसनं त्याला हाताला धरून आणलं, खिशातला रुमाल काढून त्याच्या डोक्याला बांधला. कबरस्तानापर्यंत वाटेत खांदे बदलत गेले, त्यात दोनदा लालसूचा खांदा लागला. मातीही त्यानं दिली, दुसरे देत होते तशीच तीन मुठी.

परत येताना त्यानं मला विचारलं, मूलकडं जाणारी गाडी अजून मिळेल का? जनावरांना संध्याकाळचं खाणं घालायचं होतं, मागं दुसरा माणूस नव्हता. मी त्याला गाडीवर बसवून स्टँडवर सोडलं.